ताऱ्याची जागा

सुरुवातीला कार्ड एकच करायचं होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझी हौस किंवा आमच्या सेक्रेटरींच्या शब्दांत 'पुढे पुढे करण्याची वृत्ती' कुठेही नव्हती. एक कार्ड, एक दार आणि दाराच्या फटीतून ते कार्ड आत सरकवायला लागणारा एक हात, एवढाच बेत होता. तोही माझा नव्हता, हिचा होता.

आमच्या समोरच्या दारात चित्रकलेच्या बाई राहतात. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. दर नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी दूध आत घ्यायला दार उघडलं की उंबऱ्याशी बाईंचं कार्ड पडलेलं असायचं. हातानं केलेलं आणि प्रत्येक घराला वेगळं. एका वर्षी आम्हाला बर्फात भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल आली होती, ती अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. चित्र बाईंचं. वर उजव्या कोपऱ्यातला सोनेरी कागदाचा तारा मात्र काकांचा. काका म्हणजे बाईंचे यजमान. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे काटे जागेवर बसवणारा हा माणूस घरी येऊन तारा लावायचा तो हमखास डावीकडे कललेला. बाई दरवर्षी रागवायच्या आणि ते पार जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

"अहो, एक तारा तुम्हाला सरळ लावता येऊ नये?"

"सरळ तारा तू पाहिलायस कुठे?" काका विचारायचे.

उन्हाळ्यात काका गेले.

डिसेंबर लागला आणि एके दिवशी ही बाजारातून आली ती हातातली पिशवी खाली न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली. "बाई जिन्यात भेटल्या होत्या. या वर्षी काही करणार नाही म्हणाल्या. कार्डं नाहीत, खिडकीत दिवा नाही, चर्चलासुद्धा जायचं नाही म्हणतात. दिवसभर दार लावून बसणार म्हणे."

"साहजिक आहे," मी म्हटलं. "पहिलंच वर्ष."

"काय साहजिक आहे? एकटं दार लावून बसायचं? एकदा का दार लावून बसायची सवय लागली ना, की माणूस उघडायचं विसरतो." हिनं पिशवी ठेवली. पदरानं डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडला. "आपण त्यांना कार्ड द्यायचं."

"उद्या येताना आणतो."

"विकतचं नाही! इतकी वर्षं त्यांनी आपल्याला हातानं करून दिलं. आपणही हातानंच करायचं. मी खळ शिजवून देते. बाकीचं तुम्ही करा."

आता माझ्या हाताबद्दल दोन शब्द. मी वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात निरीक्षक आहे. दिवसभर दुकानादुकानांतून हिंडून लोकांचे तराजू सरळ आहेत का ते मी पाहतो. तराजूचा काटा रेसभर इकडेतिकडे झाला तर मला उंबऱ्यातून कळतं. व्यापारी मला घाबरतात. पण हा सरळपणा माझ्या डोळ्यात आहे, हातात नाही. मी ठोकलेल्या खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर बघताना पाहुणे नकळत मान तिरकी करतात. शाळेत माझ्या भूमितीच्या वहीतले चौकोन पाहून गुरुजी म्हणाले होते, "वारा सुटलाय वाटतं." ही गोष्ट मी कार्यालयात कोणालाही कळू दिलेली नाही. प्रतिष्ठा म्हणून काही असते.

तर मी जाड कागद आणला, घडी घातली. एक बाजू पुढे आली म्हणून ती कापली. मग दुसरी पुढे आलेली दिसली, म्हणून तीही कापली. दोन्ही बाजूंना न्याय देता देता शेवटी जे उरलं ते औषधाच्या बाटलीवर चिकटवण्याजोगं होतं. त्यात कसाबसा बसवून मजकूर लिहिला तर ही वाचून बघतच राहिली.

"'आपणांस कळविण्यात येते की, नाताळ सण नजीक आला असून'... अहो, बाईंना नोटीस बजावताय का?"

"शुभेच्छा पुढच्या परिच्छेदात आहेत," मी म्हटलं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पेपर मागायला आले. हे कोणाशीही बोलताना सुरुवात 'माझं ऐका'नं करतात, म्हणून सगळी इमारत त्यांना माझंऐका म्हणते आणि त्यांना ते ठाऊक आहे. ते आले, त्यांनी ते बाटलीवरचं लेबल उचललं, उजेडात धरलं आणि खुर्ची ओढून बसले.

"माझं ऐका. तुम्ही चित्राच्या फंदात पडू नका. बटाटा आणा."

बटाटा आला. माझंऐकांनी तो मधोमध कापला, चाकूनं त्यावर झाड कोरलं, हिरव्या रंगात बुडवलं आणि कागदावर दाबलं. खरोखर झाड उमटलं हो! आम्ही दोघंही खूश झालो. हिनं त्यांना चहा दिला. ही चूक झाली, कारण चहा मिळाल्यामुळे ते प्रसन्न झाले आणि वर जाण्याऐवजी खाली उतरून त्यांनी आमचा बेत सेक्रेटरींच्या कानावर घातला.

सेक्रेटरी तडक वर आले. नेहमी मीटिंगला असतो तसा चेहरा केलेला होता. "हे बरं नाही. बाईंना तुम्ही एकटेच कार्ड देणार? मग बाकीची इमारत काय मेली का? आणि दरवर्षी बाईंचं कार्ड प्रत्येक घरात येतं. या वर्षी येणार नाही. म्हणजे नाताळला उंबरे मोकळे? छे! बाई थांबल्या तरी इमारत थांबता कामा नये. प्रत्येक घराला कार्ड गेलं पाहिजे. काम तुमच्याकडे आहेच, ते तुमच्याकडेच राहू द्या."

"अहो, पण..."

"नमुना तयार करा. मी सह्या फिरवतो."

हे 'सह्या फिरवणं' समजावून सांगायला हवं. पूर्वी एकदा आमच्या जिन्याला कोणाला न विचारता रंग दिला गेला होता. त्यावरून जी भांडणं झाली त्यात दोन घरांचं बोलणं तुटलं आणि एक सोयरीक मोडली. तेव्हापासून नमुना दारोदार फिरवून, सोबतच्या कागदावर प्रत्येक घराचा शेरा आणि सही घेतल्याशिवाय आमच्याकडे पायपुसणंसुद्धा बदलत नाही. मी नमुना केला. झाड बटाट्याचं, घंटा माझ्या हातची आणि कोपऱ्यात एक हसरा देवदूत, तोही माझ्याच हातचा. सेक्रेटरी तो घेऊन निघाले.

तो परत आला तेव्हा सोबतचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. 'झाड उत्तम,' हा शेरा माझंऐकांचा, म्हणजे ठसा कोरणाऱ्याचाच. 'बर्फ अपुरा, रंगात काटकसर करू नये.' 'सही केली आहे, कार्ड पाहिले नाही.' तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी लिहिलं होतं, 'देवदूताचा जबडा पुढे आला आहे. लहानपणीच दाखवायला हवे होते.' मी देवदूत रद्द केला. माणसानं किती सहन करावं!

आणि अगदी खाली, लाल पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात होतं, 'घंटा लहान करा. वर उजवीकडे जागा सोडा. प्रयत्न चांगला.'

ते अक्षर ओळखायला हिला क्षणही लागला नाही. "बाईंचं आहे हे! अहो सेक्रेटरी, ज्यांना गुपचूप द्यायचं त्यांच्याच दारात नमुना नेलात?"

"नियमाप्रमाणे सगळ्या घरांच्या सह्या लागतात," सेक्रेटरी म्हणाले. "शिवाय त्यांना वगळलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर केवढं वाईट वाटलं असतं त्यांना!"

ही इतकी चिडली की तिला रडूच आलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "काही बोलल्या का बाई?"

"नाही. उंबऱ्यातच उभ्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन पेन्सिल घेऊन आल्या, लिहिलं आणि दार लावून घेतलं."

"पण पेन्सिल आणायला आत गेल्या ना?" ही म्हणाली. "म्हणजे हात अजून शिवशिवतात त्यांचे." आणि तिचा राग गेला. 'प्रयत्न चांगला' या दोन शब्दांनी माझ्या मनाला काय झालं याची चौकशी मात्र कोणी केली नाही. हा शेरा कोणत्या मुलांना मिळतो ते मला शाळेपासून माहीत आहे.

"वर उजवीकडे जागा कशाला?" मी विचारलं.

"ती ताऱ्याची जागा आहे, अहो. दरवर्षी तिथेच नसायचा का तारा?"

"मग तारा लावू या की."

"काहीतरीच तुमचं! तारा काकांचा होता. तिथे आपण तारा लावला आणि बाईंना कसंतरी झालं तर? त्यांनी जागा सोडा म्हटलंय, तारा लावा म्हटलेलं नाही. रिकामी राहू दे."

मी कबूल झालो. हिचं म्हणणं मला नेहमी कबूल करावं लागतं, पण या वेळी ते पटलंही होतं.

मग कामाला सुरुवात झाली. या निमित्तानं मला लागलेला शोध असा की बटाटा रोजच्या रोज म्हातारा होतो. पहिल्या दिवशीची झाडं तरणीबांड आली, दुसऱ्या दिवशी तीच सुकलेली आणि खांदे पाडलेली उमटली. तरणी झाडं कोणाला आणि सुकलेली कोणाला यावरून पुन्हा सह्या फिरवाव्या लागू नयेत म्हणून मी कार्डं पिसून घेतली. बाईंचं कार्ड मात्र पहिल्या बटाट्याचं, सगळ्यांत चांगलं निवडलं. त्याच्या आतला मजकूर हिनं सांगितला, मी लिहिला. 'बाई, दार उघडं ठेवा. आम्ही समोरच आहोत.' शुभेच्छांचं काय, असं मी विचारलं. "ह्याच शुभेच्छा," ही म्हणाली. बाकीच्या कार्डांवर मात्र मी झाडाखाली रंगानं 'शुभेच्छा' असं लिहिलं.

खळीनं आतला कागद चिकटवला आणि सगळी कार्डं वाळताना पाठीवर वळून होडीसारखी झाली. आमच्या घरात इस्त्री मोडल्यापासून माझ्या पँटी गादीखाली ठेवायची पद्धत आहे. रात्रभर आम्ही दोघं वर झोपलो की सकाळी पँट कडक. तोच उपाय कार्डांना लागू केला. सकाळी गादी उचलली तर कार्डं थोडीशी सपाट झाली होती. मी घाईनं पँट चढवून कामावर गेलो.

त्या दिवशी बाजारात एका बड्या दुकानदाराचा तराजू मी पकडला. भर गर्दीत त्याला सरळपणाचं महत्त्व सांगत होतो. आवाज चढला होता, बोट वर होतं. आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मी दरडावून मागे वळलो, तर आता जी माणसं माझ्या मागे आली तीही हसायला लागली. शेवटी दुकानदारच हात जोडून म्हणाला, "साहेब, तराजू मी बदलतो. तुम्ही तेवढी पँट बदला." गादीखाली रंग ओला राहिला होता. माझ्या पाठीमागे एक हिरवं झाड, एक पिवळी घंटा आणि 'शुभेच्छा' हा शब्द उलट्या अक्षरांत, असा सगळा नाताळ चालू होता. मी फाईल मागे धरून भिंतीच्या कडेकडेनं कार्यालय गाठलं.

आता गादी नको, असं ठरलं. पण कार्डं तर सपाट करायचीच होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या तपासणीच्या टेबलावर पितळेची प्रमाण वजनं असतात. साऱ्या बाजाराची वजनं ज्यांच्याशी ताडून बघतात ती, भारदस्त आणि निर्दोष. ती घरी नेणं नियमाबाहेर आहे, पण कार्डं तिथे नेऊ नयेत असं कोणत्याही नियमात नाही. मी सगळी कार्डं एकावर एक रचून नेली. बाईंचं सर्वांत वर ठेवलं, खाली-वर कोरा कागद घातला, त्यावर वजनं मांडली आणि निश्चिंत मनानं दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर गेलो.

आमच्या कार्यालयात एक कारकून आहे, तो कर्तव्यदक्ष आहे. ही तक्रार म्हणूनच ऐकावी. टेबलावर चिठ्ठी नसलेली वस्तू पडून राहता कामा नये, असा नियम. त्याला वजनांखाली चिठ्ठी नसलेला गठ्ठा दिसला. वरचा कोरा कागद त्यानं 'अनावश्यक' म्हणून काढला, गठ्ठा सुतळीनं आवळला, गाठीवर लाख वितळवून शिक्का मारला आणि 'संशयित माल' अशी चिठ्ठी लावून कपाटात टाकला. सीलबंद माल साहेबांसमोर, दोन पंचांच्या साक्षीनंच उघडता येतो. आणि साहेब बैठकीला बाहेरगावी!

"अहो, ती नाताळची कार्डं आहेत!" मी म्हटलं.

"तसं चिठ्ठीवर नाही," तो म्हणाला.

ही रोज संध्याकाळी विचारायची, "सुटली का?" सेक्रेटरी विचारायचे, "सुटली का?" माझंऐका जिन्यात गाठून म्हणायचे, "माझं ऐका, वशिला लावा." समोरचं दार बंद असायचं. दिवसा बंद, संध्याकाळीही बंद. दर वर्षी त्या खिडकीत दिवा लागलेला असायचा एव्हाना. चप्पल काढताना मी मुद्दाम मोठ्यानं खाकरायचो, उगाच काहीतरी बोलायचो. आतून काही आवाज यायचा नाही. खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती. आणि त्या दाराच्या आत सरकवायचं ते कार्ड सुतळी बांधून कपाटात पडलेलं.

साहेब उगवले ते थेट नाताळच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी, दुपारी. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला आले. गठ्ठा टेबलावर ठेवला गेला. कारकुनानं पंचनामा लिहायला घेतला, मोठ्यानं वाचत वाचत.

"घडी घातलेले जाड कागद. प्रत्येकावर हिरव्या रंगात झाडासदृश आकृती. शेजारी पिवळ्या रंगाची वस्तू..." तो थांबला. "ही वस्तू काय आहे?"

"घंटा," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "पेरू वाटतो."

"घंटा आहे, साहेब."

"'मालकाच्या सांगण्यावरून घंटा', असं लिहा," साहेब म्हणाले.

मग गाठ कापली. लाखेचा शिक्का वरच्या कार्डावर पडला होता. बाईंच्या! वर, उजव्या कोपऱ्यात, रिकाम्या ठेवलेल्या जागेत लालभडक डाग बसला होता. मी खुर्चीत बसलो. साहेबांनी ते कार्ड उघडलं आणि आतली ओळ वाचली. मग चष्मा पुसला आणि ती परत वाचली.

"कोण या बाई?"

मी सांगितलं. काकांचं सांगितलं, दाराचं सांगितलं. झेरॉक्सवाल्यानं नाक ओढलं. चहावाला म्हणाला, "माझ्या घड्याळाचा पट्टा त्या काकांनीच बसवून दिला होता."

"लाख खरवडू नका, कागद फाटेल," साहेब म्हणाले. "वर काहीतरी चिकटवा." आणि पंचनाम्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली. 'माल निर्दोष.' कारकुनानं तिच्याखाली तारीख टाकली, कारण तारखेशिवाय ओळ धरत नाहीत.

घरी आलो. डाग बघून हिनं कपाळाला हात लावला. दुसरं कार्ड करावं तर कागद संपलेला आणि बटाट्याचा तर बघवत नव्हता चेहरा. डाग झाकायचा तर त्या जागेवर एकच गोष्ट शोभली असती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लावा," ही म्हणाली. "पण अहो, नीट. अगदी सरळ."

चहाच्या डब्याच्या आत सोनेरी कागद होता, त्याचा तारा कापला. काटकोन बघायचा गुण्या घेतला, फूटपट्टी घेतली, श्वास रोखला. कोपर टेबलाला टेकवलं. तारा ठेवला, दाबला आणि बोट उचललं.

तारा डावीकडे कलला होता. मी सरकवायला गेलो तर हिची खळ एरवी कधी नाही ती झटक्यात पकडून बसली होती.

"हे काय केलंत!" ही कळवळली. "अगदी काकांसारखा! त्यांना वाटेल आपण नक्कल केली. चेष्टा केली त्यांची!"

"मुद्दाम नाही गं केला. शपथ."

"मला माहीत आहे. त्यांना कसं कळणार?"

माझ्या हाताचं आजवर पुष्कळ हसं झालं आहे. पण माझ्या हातानं कधी कोणाला रडवलं नव्हतं. देऊ नये असं वाटलं. मग वाटलं, न देणं त्याहून वाईट. बाईंना माहीत आहे की कार्डं व्हायची आहेत. सगळ्यांच्या उंबऱ्याशी कार्ड, आणि त्यांच्याच नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येक दाराशी कार्ड सरकवत आलो. शेवटी बाईंचं दार राहिलं. ही आमच्या दारात उभी होती. माझंऐका वरच्या जिन्यातून वाकून बघत होते. मी गुडघ्यावर बसलो, कार्ड निम्मं आत घातलं आणि धीर सुटला. परत ओढायला गेलो, तर कार्ड येईना. आतून कोणीतरी धरलं होतं. क्षणभर दोन्हीकडून ओढाताण झाली आणि मग कार्ड माझ्या बोटांतून सुटून सर्रकन आत गेलं.

बाई दारामागेच बसून होत्या. वाट बघत.

मी तसाच गुडघ्यावर राहिलो. आत काही हालचाल नाही. "माझं ऐका," वरून कुजबुज आली, "बेल वाजवा." तेवढ्यात कडी निघाली आणि दार उघडलं. निरीक्षक दर्जाचा माणूस बाईंच्या उंबऱ्यावर दुकान मांडून बसलेला, असं ते दृश्य होतं. बाईंच्या हातात कार्ड होतं.

"तारा कोणी लावला?"

"मी. म्हणजे बाई, खाली लाख सांडली आहे, ती सरकारी आहे, म्हणून लावावा लागला. गुण्या लावून लावलाय हो. माझा हातच असा आहे. चेष्टा नव्हती, खरंच..."

"वाकडा आहे."

"हो."

"डावीकडे."

"हो, बाई."

बाईंनी चौकटीला धरलं आणि त्या रडल्या. उन्हाळ्यात, माणसांच्या गर्दीत, रडल्या नव्हत्या तशा रडल्या. ही धावत गेली आणि तिनं त्यांना जवळ घेतलं. मी उठावं की बसावं ते न कळून तसाच राहिलो. माझेही डोळे वाहत होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग बाईंनी पदरानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि माझ्या पाठीमागे, आमच्या दाराशी पडलेल्या कार्डाकडे पाहिलं. "ह्याच्यावर तारा कुठाय?"

"तो... लावला नाही. काकांचा म्हणून..."

"मग मी जागा कशाला सोडायला सांगितली होती? शोभेला?" आता आवाज शाळेतला झाला होता. "सगळी कार्डं परत आणा. सगळी!"

बाई आत गेल्या आणि घड्याळाचे सुटे भाग ठेवतात तसला एक चपटा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. आत सोनेरी तारेच तारे, एकसारखे, बारीक कात्रीनं कापलेले.

"गिऱ्हाईक नसलं की दुकानात कापत बसायचे," बाई म्हणाल्या. "यंदाचे उन्हाळ्यातच करून ठेवले होते. मला कपाटात सापडले. मी चिकटवायला बसले होते हो एकदा, एकटीच. माझ्या हातून सरळच लागतात. ते बघवेना."

थोड्या वेळात सगळी इमारत बाईंच्या खोलीत होती. प्रत्येकजण आपापलं कार्ड घेऊन आला होता. सेक्रेटरी रांग लावत होते, डॉक्टरीणबाई खुर्च्या आणत होत्या, हिनं खळीचं पातेलं आणलं. दार सताड उघडं होतं, ते लावायची कोणाला आठवणही नव्हती. बाईंनी मला टेबलाशी बसवलं. "तराजूवाले, तुम्ही लावायचे." काका मला याच नावानं हाक मारायचे.

सगळे बघत होते. मी डब्यातला पहिला तारा उचलला. या वेळी चुकायचं नाही, बाईंना पुन्हा रडवायचं नाही, असं मनाशी ठरवलं. डोळा बारीक केला, जीव एकवटला, तारा ठेवला, बोटानं दाबला. आणि काय सांगू, सरळ! ओळंब्यात! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी सरळ झालं होतं आणि तेही भर सभेत. मी ऐटीत मान वर करून हिच्याकडे पाहिलं.

बाईंनी चष्मा लावला. कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग माझ्यासमोर ठेवून पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात रागावल्या.

"अहो, एक तारा तुम्हाला वाकडा लावता येऊ नये?"